वनौषधीची डबी घेताना परवाना कसा तपासावा

अश्वगंधेच्या गोळ्यांच्या दोन डब्या दुकानात एकाच फळीवर असतात, पण कायद्याच्या लेखी त्यांतली एक औषध आणि दुसरी अन्न असू शकते. म्हणून वेष्टनावरची हिरवी पाने आणि सवलतीचा आकडा पाहण्याआधी डबी फिरवून परवाना क्रमांक शोधावा. कोणता दावा चालतो, कोणती सूचना छापावी लागते आणि तक्रार कोणाकडे जाते, हे सारे त्यावरच ठरते.

औषध असेल, तर त्याला औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० लागू होतो. उत्पादनाचा परवाना राज्याचे प्राधिकरण देते, आयुष मंत्रालय नव्हे. त्यामुळे मंत्रालयाच्या नावाचा शिक्का पाहून हुरळून जाऊ नये. आयुर्वेदिक औषध विकणाऱ्या दुकानाला मात्र वेगळा विक्री परवाना लागत नाही, आणि माझ्या मते या व्यवस्थेतला हाच सर्वांत कच्चा दुवा आहे. ग्राहकाची भिस्त त्यामुळे उत्पादकाच्या परवान्यावर राहते. लेबलवर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख, वापराची मुदत आणि घटकद्रव्यांची यादी हवी. बचनाग, बिब्बा, कुचला यांसारखी नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीतली विषारी द्रव्ये पोटात घेण्याच्या औषधात असतील, तर ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, असा इशारा हिंदी आणि इंग्रजीत छापणे बंधनकारक आहे. घटकांत बिब्बा दिसतो पण इशारा दिसत नाही, अशी डबी परत करावी.

अन्न म्हणून विकल्या जाणाऱ्या डबीवर एफएसएसएआयचा, म्हणजे भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचा, १४ अंकी क्रमांक असतो. तो प्राधिकरणाच्या ‘फॉसकॉस’ संकेतस्थळावर टाकून परवानाधारकाचे नाव आणि परवान्याची मुदत पडताळता येते. आहारपूरकांविषयीचे विनियम २०१६ चे आहेत. त्यांनुसार अशा डबीवर ‘हेल्थ सप्लिमेंट’ ही ओळख आणि ‘औषधी वापरासाठी नाही’ या अर्थाची सूचना ठळक हवी, तसेच रोग बरा करण्याचा दावा करता येत नाही. समोर ‘मधुमेह मुळापासून घालवा’ आणि मागे बारीक अक्षरांत ‘औषधी वापरासाठी नाही’ असे दिसले, तर ती डबी तिथेच ठेवावी. औषधाचा परवाना असला तरी मधुमेह, कर्करोग, मोतीबिंदू, लठ्ठपणा किंवा उंची वाढवणे यांवरील उपायाची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे.

सुट्या चूर्णाला लेबल नसते, बॅच नसते; पुढे त्रास झाला तर माग काढायला काहीच हाती राहत नाही. नेहमी लागणारे चूर्णही म्हणून बंद पाकिटातलेच घ्यावे आणि पक्के बिल मागावे.

तक्रारीसाठी बिल, रिकामी डबी आणि उरलेला माल जपून ठेवावा. महाराष्ट्रात आणि गोव्यात अन्न आणि औषध ही दोन्ही कामे अन्न व औषध प्रशासनाकडेच असल्याने दोन कचेऱ्यांचे उंबरठे झिजवावे लागत नाहीत. पैशांच्या परताव्याचा वाद असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. अन्न म्हणून विकलेला माल ग्राहकाला शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासूनही घेता येतो, मात्र तसा इरादा खरेदीच्या वेळीच विक्रेत्याला सांगावा लागतो. अहवालात कायद्याचा भंग आढळल्यास भरलेले शुल्क परत मिळते.