बुटांचा चिखल जंगलातच सोडा

एका जंगलात फिरून आपण दुसऱ्या जंगलात जातो, तेव्हा बुटांच्या तळव्यातल्या चिखलातून झाडांची मुळं कुजवणारी फायटोफ्थोरासारख्या रोगजंतूंची बीजंही सोबत जातात. एकदा ती मातीत रुजली की तिथून काढणं जवळपास अशक्य. उपाय मात्र पाच मिनिटांचा आहे.

सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात एक जुना ताठ ब्रश, एक बोथट काडी आणि ७० टक्के अल्कोहोलची स्प्रे बाटली कायम ठेवा.

१. जंगलातून बाहेर पडतानाच, गाडीत बसण्याआधी, बूट घासा. घरी जाऊन धुऊ म्हटलं की राहतंच.

२. तळव्याच्या खाचांमधली माती काडीने उकरा. टाच जिथे तळव्याला जोडलेली असते, तिथे हमखास गोळा अडकलेला असतो. काठीचं टोक, तंबूच्या खुंट्या आणि सायकलचे टायरही बघा. ते बघायला सगळेच विसरतात.

३. माती पूर्ण निघाल्यावरच तळवा ओला होईल इतका स्प्रे मारा. पुसू नका, आपोआप वाळू द्या. चिखलावर स्प्रे मारणं म्हणजे औषध वाया घालवणं.

अल्कोहोल जास्त तीव्र घेतलं तर लवकर उडून जातं, म्हणून ७० टक्केच बरं. छाटणीची कात्री, करवतही एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना अशीच साफ करता येते.

फक्त एक सांभाळा: अल्कोहोल पेट घेतं. शेकोटी, स्टोव्ह किंवा पेटलेल्या सिगारेटजवळ ही बाटली काढू नका, आणि उन्हात बंद गाडीतही ठेवू नका.