‘आर’मध्ये सीबाइंडने जानेवारीत पाऊस पाडला तेव्हा

कोकणातल्या दोन पर्जन्यमापकांच्या आकड्यांचा मॅट्रिक्स (ओळी-स्तंभांचा तक्ता) ‘आर’ या संख्याशास्त्राच्या प्रोग्रामिंग भाषेत बनवत होतो. एका व्हेक्टरमध्ये (आकड्यांच्या यादीत) १२ महिने, दुसऱ्यात फक्त जून ते सप्टेंबर. सीबाइंड (cbind) या स्तंभ शेजारी-शेजारी जोडणाऱ्या फंक्शनने जोडले, तर दुसऱ्या स्तंभात जानेवारीतच धो धो पाऊस! आखूड व्हेक्टर संपला की ‘आर’ तेच आकडे पुन्हा पहिल्यापासून भरत जातो. १२ ला ४ ने पूर्ण भाग जातो, म्हणून इशाराही येत नाही. ५ आकडे असते तर आला असता. हे गप्प राहणं मला फार धोक्याचं वाटतं.

उपाय: रेप (rep, तेच मूल्य हवं तितक्या वेळा देणारं फंक्शन) वापरून १२ एनएंचा (NA, म्हणजे ‘आकडा नाही’) व्हेक्टर घेतला, ६ ते ९ या जागांवर चार आकडे ठेवले, मग सीबाइंड. आखूड व्हेक्टरची नुसती लेंग्थ (लांबी) १२ केली तरी एनए येतात, पण शेवटी. जूनचा पाऊस जानेवारीतच राहतो. आता जोडण्याआधी स्टॉपइफनॉट (stopifnot, अट खरी नसेल तर काम थांबवणारं फंक्शन) लावून दोन्हींची लांबी तपासतो.