अप-डाऊन करणाऱ्या आईचे घर : कामाची वाटणी कशी करावी

माझी मुलगी तीन वर्षांची असताना, कार्यालयात लेखापरीक्षण चालू होते त्या दिवशी दुपारी, तिच्या वडिलांचा फोन आला की तिला ताप भरला आहे. ते घरीच होते, मुलीवर त्यांचा जीव आहे आणि कामाला ते कधी मागे हटत नाहीत. पण तापाचे औषध कुठे ठेवले आहे, ते किती द्यायचे, डॉक्टर दुपारी बसतात की संध्याकाळी, आणि मागच्या खेपेस कोणत्या औषधाने तिच्या अंगावर पुरळ उठले होते, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. सगळी उत्तरे माझ्या डोक्यात होती, आणि मी पाचोऱ्याहून जळगावला अप-डाऊन करणारी. परतीच्या गाडीला अडीच तास अवकाश होता. घरात राबणारे हात पुष्कळ होते, पण कशाचे काय करायचे हे एकटीलाच ठाऊक होते. नोकरी आणि संसार यांचा मेळ बसवायचा असेल तर सुरुवात इथून करावी, असे मला त्या दिवसापासून वाटत आले आहे.

त्यासाठी एक साधी वही घ्यावी आणि आठवडाभर रोज रात्री तिच्यात दिवसभरात आपण काय काय *लक्षात ठेवले* ते लिहावे. केलेली कामे लिहू नयेत, ती सर्वांना दिसतातच. डब्याला उद्या कोणती भाजी, शाळेत न्यायचा रंगीत कागद, लसीची तारीख, सासऱ्यांच्या रक्तदाबाच्या गोळ्या किती उरल्या, सिलिंडर कधी लावला, भाचीच्या लग्नातला आहेर, आणि आपल्याकडे बहुतेक गावांत नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पाण्याचा दिवस कोणता, अशी यादी आठवड्यात तीन-चार पाने सहज भरते. ही पाने घरातल्या मोठ्यांसमोर शांतपणे वाचून दाखवावीत. रागाच्या भरात वाचू नयेत. आठवडी सुटीच्या दिवशी, जेवणे झाल्यावर, सगळे निवांत बसलेले असताना वाचावीत.

मग वाटणी करावी, आणि इथे फार जपावे लागते. आपण बहुतेक जणी काम देतो, पण त्याची आठवण स्वतःकडे ठेवतो. ‘अहो, आज पाणी येणार आहे, मोटार लावा’ असे दर वेळी सांगावे लागत असेल तर ते काम अजून आपल्याच माथ्यावर आहे. पाणी ज्याच्याकडे सोपवले त्याने वार लक्षात ठेवायचा, टाकी धुवायची, मोटार बिघडली तर मिस्त्रीला बोलवायचे. त्यात पुन्हा आपण डोकावू नये. आमच्याकडे मी मुलीचे आजारपण पूर्णपणे तिच्या वडिलांकडे दिले. औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर मुलीचे वजन, त्या वजनाला डॉक्टरांनी लिहून दिलेले तापाच्या औषधाचे माप, न सोसणाऱ्या औषधाचे नाव आणि दवाखान्याच्या वेळा आहेत. वजन बदलले की डॉक्टरांना विचारून तिचे वडीलच माप खोडून नव्याने लिहितात. पहिल्या दोन महिन्यांत एक तपासणी चुकली, आणि गप्प राहणे मला फार जड गेले. पण तेव्हा मी ते काम परत ओढून घेतले असते तर ते कायमचे माझेच झाले असते.

सासूबाईंशी बोलणे वेगळे. खान्देशात अजून पुष्कळ घरांत आजी-आजोबा सोबत असतात, आणि नोकरी करणाऱ्या सुनेला हा मोठा आधार आहे. म्हणूनच तो गृहीत धरू नये. ‘आई, दुपारी तुम्हाला किती वेळ पडायला लागते?’ हा प्रश्न आधी विचारावा आणि मग बाळाच्या वेळा ठरवाव्यात. साठीच्या बाईने दोन वर्षांच्या मुलामागे नऊ तास धावणे शक्य नसते. अर्ध्या दिवसासाठी एखादी मुलगी किंवा शेजारची विश्वासू बाई पगारावर ठेवावी, आणि तो पगार दोघांच्या उत्पन्नातून द्यावा, आईच्या पगारातून वेगळा काढू नये. आठवड्यातून एक दिवस आजींना पूर्ण मोकळीक हवी. मुलाला काय खाऊ घालायचे यावरून होणारे वाद मी दोनच गोष्टींपुरते ठेवले : वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचा नाही, आणि जेवताना मोबाईल दाखवायचा नाही. बाकी त्यांच्या पद्धतीने.

वेळेचा हिशेब गाडीच्या वेळापत्रकावरून करू नये. भुसावळ ते जळगाव हे अंतर जेमतेम 25 किलोमीटर आहे, पण घराच्या उंबऱ्यापासून खुर्चीपर्यंत किती वेळ लागतो हे पंधरा दिवस लिहून पाहिल्यावर वेगळाच आकडा निघतो, आणि पाळणाघराची वेळ त्यातल्या सर्वांत वाईट दिवसावरून ठरवावी लागते. मुलाला आणायला जाऊ शकतील अशा आणखी दोघांची नावे तिथे लेखी देऊन ठेवावीत.

बाळ लहान असताना नोकरीवर परतणाऱ्या आईने हक्क नीट माहीत करून घ्यावेत. 1961 च्या प्रसूती लाभ कायद्यातील 2017 च्या दुरुस्तीनुसार, दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनेत पहिल्या दोन अपत्यांसाठी 26 आठवडे पगारी रजा मिळते. त्यासाठी प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत किमान 80 दिवस काम झालेले असावे लागते. बाळ 15 महिन्यांचे होईपर्यंत रोज दूध पाजण्यासाठी दोन वेळा सवड द्यावी लागते, आणि 50 किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय बंधनकारक आहे. नोव्हेंबर 2025 पासून 1961 च्या कायद्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 लागू झाली आहे, आणि या तरतुदी आता तिच्यात आहेत. राज्य शासनाच्या सेवेतील महिलांना बालसंगोपन रजा संपूर्ण सेवेत 180 दिवस, तर रेल्वेसारख्या केंद्रीय सेवेत 730 दिवस आहे. अर्ज नेहमी लेखी करावा आणि त्याच्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. तोंडी होकारावर विसंबून राहिलेल्या मैत्रिणींना झालेला मनस्ताप मी जवळून पाहिला आहे.

दूध काढून ठेवण्याबाबत आपल्या भागात एक गोष्ट कटाक्षाने पाळावी. काढलेले दूध बाहेर चार तास टिकते असे सांगितले जाते, पण ते 25 अंशांपर्यंतच्या खोलीसाठी आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा 44-45 अंशांवर जातो, तेव्हा दूध ताबडतोब फ्रीजमध्ये ठेवावे, कार्यालयातून आणताना बर्फाच्या पिशव्या घातलेल्या डब्यात आणावे, आणि चार दिवसांच्या आत वापरावे. पाजताना वाटी कोमट पाण्यात धरून दूध कोमट करावे, गॅसवर तापवू नये, आणि बाळाने उष्टे केलेले दूध दोन तासांनंतर ठेवू नये. दिवसभर वीज गेली तर काय करायचे, तेही घरच्यांशी आधीच बोलून ठेवावे.

स्वयंपाकाबद्दल थोडेच सांगते. कांदा-खोबरे भाजून केलेले काळ्या मसाल्याचे वाटण रविवारी करून फ्रीजमध्ये ठेवले, तर कामाच्या दिवशी शेवभाजी वीस मिनिटांत होते. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी रोज दोन्ही वेळा थापलीच पाहिजे असा आग्रह घरात कोणी धरत असेल, तर त्या व्यक्तीला परातीपाशी बसवून शिकवावे.

उन्हाळ्याचे वाळवण मात्र विचार करून सोडावे किंवा ठेवावे. मी कुरडया आणि पापड बचत गटाच्या बायकांकडून घेते, पण बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घरीच करते. पहाटे पाचला गच्चीवर जुने धोतर ओले करून अंथरायचे, ज्वारीचा गरम घाटा त्यावर ओल्या हाताने गोल पसरायचा, आणि दुपारनंतर धोतर उलटे करून पाणी शिंपडत बिबडे सोडवायचे. हे सोडवण्याचे काम मुले हट्टाने मागून घेतात, आणि मोडलेला तुकडा अर्धा ओलाच तोंडात टाकतात. ज्या कामात मुले आपल्याजवळ येतात ते ठेवावे, आणि ज्यात ती ‘आई, झाले का?’ एवढेच विचारत दाराशी उभी राहतात ते विकत घ्यावे.

आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, रजा मार्चमध्येच मागावी. लग्न झालेल्या लेकीने आखाजीला माहेरी जाऊन झोक्यावर बसावे ही आपल्याकडची रीत नोकरी करणारीनेही सोडू नये. उशिरा अर्ज केला की कार्यालयात इतरांच्या रजा आधीच मंजूर झालेल्या असतात. गेल्या वर्षी निघण्याच्या आदल्या रात्री मुलीची पिशवी तिच्या वडिलांनी भरली. तापाचे औषध, त्याचे मोजायचे झाकण आणि कपाटातल्या कागदाची हाताने लिहिलेली नक्कल, तिन्ही वरच्याच कप्प्यात होती, आणि मी त्यांना काहीही सांगितलेले नव्हते.