टायबरच्या वरच्या खोऱ्यात एक दिवस: निघण्याआधीची तयारी

मध्य इटलीत असिसीहून निघायचं, टायबर नदीच्या कडेकडेने उंबर्तीदे, मोंतोने, चित्ता दी कास्तेल्लो, सानसेपोल्क्रो असं वर सरकत जायचं आणि संध्याकाळपर्यंत आरेत्सोला पोचायचं. अंतर सव्वाशे-दीडशे किलोमीटर. रस्ते चांगले, दोन्ही बाजूंना डोंगर, मध्ये शेती. दुसऱ्या महायुद्धात, 1944 च्या उन्हाळ्यात, भारतीय सैन्याची दहावी डिव्हिजन याच खोऱ्यातून एकेक टेकडी घेत उत्तरेकडे गेली. तिच्यात मराठा लाइट इन्फंट्रीची तिसरी बटालियन होती आणि त्या बटालियनमध्ये माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे होते. 10 जुलै 1944 रोजी याच खोऱ्यात ते धारातीर्थी पडले. वय बावीस. म्हणून हा दिवस नुसत्या निसर्गदर्शनाच्या तयारीने काढू नये असं मला मनापासून वाटतं.

पहिली तयारी नावांची, आणि ती घरी बसूनच करायची. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) हिच्या संकेतस्थळावर नाव, पलटण, देश आणि स्मशानभूमी यांवरून शोधता येतं. आपल्याकडची नावं तिथे रोमन लिपीत, त्या वेळच्या कारकुनाने ऐकली तशी लिहिलेली आहेत, त्यामुळे एकाच आडनावाची तीन-चार स्पेलिंगं करून बघा. मराठा पलटणीचं त्या काळचं स्पेलिंग ‘ए’नंतर ‘एच’ घालून केलेलं असे. आजच्या स्पेलिंगने शोधलंत तर हाती काही लागणार नाही. बऱ्याच नोंदींत वडिलांचं किंवा पत्नीचं नाव, गाव आणि तालुका दिलेला असतो. जिल्हे मात्र जुने: रायगडची माणसं कुलाब्यात सापडतील, सिंधुदुर्गाची रत्नागिरीत. आपल्या तालुक्यातलं एक जरी नाव सापडलं तरी ते देवनागरीत कागदावर उतरवून घ्या. शेजारी रोमन स्पेलिंग, कबरीच्या ओळीचा किंवा स्मारकावरच्या पॅनेलचा क्रमांक आणि तारीख लिहा. फोनवर भरवसा ठेवू नका. डोंगरात रेंज जाते आणि जुलैच्या उन्हात स्क्रीन दिसत नाही.

शोधताना एक गोष्ट ध्यानात असू द्या. हिंदू आणि शीख सैनिकांपैकी अनेकांचं दहन झालं, त्यामुळे त्यांच्या नावाची शिळा कुठल्याही ओळीत नसते. त्यांची नावं दहनस्मारकांवर कोरलेली आहेत. सांग्रो नदीकाठच्या स्मारकावर अशी 517 नावं आहेत. फोर्ली आणि रिमिनीलाही अशी स्मारकं आहेत. ज्यांचा देह सापडलाच नाही किंवा ज्यांची कबर माहीत नाही, त्यांची नावं कासिनो या गावच्या स्मारकावर. घाडग्यांचं नाव कासिनोलाच आहे, म्हणजे या वाटेवर नाही, दक्षिणेला कितीतरी दूर. हे आधी माहीत नसेल तर माणूस आरेत्सोच्या युद्ध-स्मशानभूमीच्या ओळींमध्ये ते नाव शोधत फिरेल आणि खट्टू होऊन परतेल.

मग या वाटेवर त्यांचं काय आहे? मोंतोने. टेकडीवरचं तटबंदीचं छोटं गाव. 22 जुलै 2023 रोजी तिथे घाडग्यांच्या नावाचं स्मारक उभं राहिलं, तेही सूर्यघड्याळाच्या रूपात. गावाच्या नगरपालिकेने आणि इटलीतल्या युद्ध-इतिहासाच्या अभ्यासकांनी मिळून ते केलं. त्यावरच्या लॅटिन बोधवाक्याचा आशय असा, की आपण सगळे एकाच सूर्याखाली आहोत. स्मारक सूर्यघड्याळ असल्यामुळे दिवसाचं सगळं वेळापत्रक त्याच्याभोवती बांधा. सावली नसेल तर ते अर्धंच बघितल्यासारखं होईल. हवामानाचा अंदाज आदल्या रात्री बघा आणि सकाळी ढग असतील तर क्रम उलटा करा, आरेत्सो आधी आणि मोंतोने दुपारनंतर. आणखी एक बारकावा: उन्हाळ्यात इटलीची घड्याळं एक तास पुढे असतात, त्यामुळे जुलैत या भागात सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नाही, सव्वाच्या सुमारास. भर मध्यान्हीची सावली बघायची असेल तर एक वाजता गावात असा. गाडी तटाबाहेरच्या पार्किंगमध्ये लावून चढ चालत जावा लागतो. सोबत वयस्क माणसं असतील तर अर्धा तास जास्त धरा. वाट विचारताना ‘मेरिदियाना’ एवढा शब्द पुरतो, सूर्यघड्याळाला तिकडे तेच म्हणतात.

जाण्यापूर्वी घाडग्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसचं (ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक) मानपत्र एकदा सावकाश वाचा. छोटंच आहे. त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशिनगन सुरू झाली आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. ते एकटे धावले, आधी हातबॉम्ब टाकून मशिनगन आणि ती चालवणारा निकामी केला, एकाला गोळी घातली. मॅगझिन बदलायला वेळ नव्हता, म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने पाडलं. त्यानंतर दडून बसलेल्या नेमबाजाची गोळी त्यांना लागली. मोंतोनेच्या तटावर उभं राहून खालचं खोरं बघताना हे डोक्यात असेल, तर मधली अंतरं, उघडी शेतं, चढ हे सगळं वेगळं दिसतं. मुलं बरोबर असतील तर त्यांना हे गाडीत बसण्याआधीच सांगून ठेवा.

आता कागदपत्रं. भारतीय परवान्यासोबत आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना हवाच, आणि मूळ परवानाही जवळ हवा. एकावर भागत नाही. भाड्याच्या गाडीसाठी मुख्य चालकाच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, कारण अनामत रक्कम त्यावर अडकवली जाते. गिअर बदलावे न लागणारी गाडी हवी असेल तर आधीच मागून ठेवा, तिथे साध्या गिअरच्याच गाड्या जास्त. गाडी लहान घ्या. मोठ्या गाडीचा मोह होतो, पण मोंतोनेच्या चढावर समोरून ट्रॅक्टर आला की लहान गाडीची किंमत कळते. पेरुजाचा विमानतळ असिसी आणि पेरुजाच्या मधेच आहे, गाडी तिथून घेणं सोयीचं. निघण्यापूर्वी डिकीत चमकतं जाकीट आणि गाडी बंद पडली तर रस्त्यावर ठेवायचा त्रिकोण आहे ना बघा. गाडीवर आधीपासूनचे ओरखडे असतील तर त्यांचे फोटो काढून ठेवा.

गाडी उजवीकडून चालवायची याची सवय पहिल्या अर्ध्या तासात होते. खरी परीक्षा गोल चौकांची. आत फिरत असलेल्या गाडीला वाट द्यायची, आणि ती डावीकडून येते. गावाच्या नावाची पाटी आली की ताशी 50, गावाबाहेरच्या साध्या रस्त्यावर 90. ई-45 या मोठ्या रस्त्याला टोल नाही, पण वेग मोजणारे कॅमेरे आहेत आणि मर्यादा मधेच बदलते. गावाबाहेर दिवसाही दिवे चालू ठेवायचे. जुन्या गावांच्या वेशीवर पांढऱ्या पाटीवर लाल वर्तुळ आणि ‘झेड टी एल’ (वाहनांना मर्यादित प्रवेशाचा भाग) दिसलं तर आत शिरू नका. दंड काही महिन्यांनी भाड्याच्या कंपनीमार्फत येतो, वर त्यांचा हाताळणीचा खर्च वेगळा. पार्किंगच्या निळ्या रेषा पैशांच्या, पांढऱ्या फुकटच्या, पिवळ्या राखीव. यंत्रांसाठी एक आणि दोन युरोंची नाणी खिशात ठेवा. पेट्रोलला तिकडे ‘बेन्झिना’ म्हणतात, डिझेलला ‘गाझोलियो’. भाड्याच्या गाडीत काय घालायचं ते टाकीच्या झाकणावर वाचूनच नळी उचला. रविवारी आणि दुपारी पंपावर माणूस नसतो, यंत्रात कार्ड किंवा नोट घालून स्वतः भरावं लागतं. यंत्र कधी कधी आपलं कार्ड घेत नाही, म्हणून दहा-वीस युरोंच्या नोटा असू द्या. अडचणीत 112.

नकाशात स्मशानभूमी नावाने शोधू नका. प्रत्येक गावाला आपलं स्मशान असतं आणि नकाशा तुम्हाला खुशाल तिथे नेऊन सोडतो. कमिशनच्या पानावरून अक्षांश-रेखांश उचला, ते जतन करा आणि संपूर्ण भागाचा नकाशा फोनमध्ये उतरवून घ्या. उघडण्याच्या वेळाही तिथेच बघा.

असिसीची युद्ध-स्मशानभूमी डोंगरावरच्या गावात नाही, खाली सपाटीवर रिवोतोर्तोजवळ आहे. 945 जण तिथे विसावले आहेत आणि मागे असिसीचा डोंगर दिसतो. सकाळी आठ-नवाच्या सुमारास गेलात तर ऊन तिरपं असतं आणि दगडावरची अक्षरं उठून दिसतात. डोक्यावर ऊन आलं की तीच सपाट होतात. आरेत्सोची स्मशानभूमी मोठी आहे, 1,266 जणांची, आणि तिथे भारतीय सैन्याचे पुष्कळ आहेत. तिच्यासाठी किमान तासभर हवा, दीड असला तर उत्तम. फाटकाजवळच्या कोनाड्यात नोंदवही आणि अभिप्रायाची वही असते. नोंदवहीतून ओळ आणि क्रमांक काढा. अभिप्रायाच्या वहीत मराठीत लिहा, गावाचं नाव घालून. पेन आपलं न्या.

हिंदू सैनिकांच्या शिळांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं दिसेल. गुडघ्याच्या थोडी वर येईल एवढीच शिळा असते, अक्षरं वाचायला वाकावं किंवा खाली बसावं लागतं. तशी तयारी कपड्यांतही ठेवा. फुलं वाहायला हरकत नाही, ताजी घ्या, प्लास्टिकचं वेष्टन काढून टाका. हळदकुंकू, तेल, उदबत्ती मात्र दगडाजवळ नको: दगड डाग धरतो आणि तो घासताना अक्षरं झिजतात. नमस्कार पुरेसा आहे. मुसलमान सैनिकांच्या शिळांवर अरबी ओळ आहे. त्याही वाचा, तीच पलटण, तेच खोरं.

वाटेतल्या गावांनाही आपापलं दुःख आहे, आणि ते टाळून पुढे जाऊ नये. उंबर्तीदेवर 25 एप्रिल 1944 रोजी दोस्त राष्ट्रांच्याच विमानांनी बॉम्ब टाकले. लक्ष्य टायबरवरचा पूल होता, पडले घरांवर, आणि सत्तरहून अधिक गावकरी गेले. जवळच पेनेतोला इथे 28 जून 1944 च्या पहाटे जर्मन सैनिकांनी शेतघरात कोंडून बारा जणांचा जीव घेतला. सानसेपोल्क्रोची गोष्ट याच्या उलटी: अँथनी क्लार्क या ब्रिटिश तोफखाना अधिकाऱ्याला आठवलं की या गावात चित्रकार पिएरो देल्ला फ्रांचेस्काचं ‘पुनरुत्थान’ हे भित्तिचित्र आहे, आणि त्याने मारा थांबवला. चित्र आजही तिथल्या संग्रहालयात आहे. वेळ कमी असेल तर चित्र सोडा, उंबर्तीदे सोडू नका.

दिवस निवडताना एप्रिल-अखेर ते जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरा. 25 एप्रिल हा इटलीचा मुक्तिदिन, गावोगावी पुष्पचक्रं वाहतात; गर्दी असते, पण बघण्यासारखी. जुलैत सूर्यफुलं आणि तंबाखूची शेतं भरात असतात आणि उजेड साडेआठनंतरही टिकतो, पण पारा पस्तिशीपर्यंत जातो. 15 ऑगस्टच्या आसपास दुकानं बंद. एरवीही दुपारी एक ते साडेतीन-चार सगळं बंदच, म्हणून जेवणाचं सामान सकाळीच घ्या: पाव, चीज, फळं, माणशी दोन लिटर पाणी. स्मशानभूमीत स्वच्छतागृह असेल असं धरून चालू नका, गावातल्या बारमध्ये कॉफी घेऊन ती सोय उरकून घ्या. टोपी, साधे बंद बूट, वाचायचा चष्मा. आणि थांबे चारापेक्षा जास्त ठेवू नका.

आरेत्सोहून परतताना ए-1 महामार्गावर टोल लागतो. शिरताना तिकीट घ्या, ते हरवू नका, आणि पिवळ्या ‘तेलेपास’ (गाडीतल्या यंत्रावरून आपोआप टोल कापणाऱ्या) रांगेत जाऊ नका. कासिनोसाठी दुसरा दिवस राखून ठेवा. तिथल्या स्मारकावर चार हजारांवर नावं आहेत आणि घाडग्यांचं पॅनेल कोणतं ते कमिशनच्या नोंदीत दिलेलं आहे. तो क्रमांक याच कागदावर, मोंतोनेच्या खाली, आत्ताच लिहून ठेवा.