बाबांच्या ४८६ ची घरघर

बाबांचा ४८६, म्हणजे नव्वदच्या दशकातला जुना संगणक, अजून माझ्या टेबलावर चालतो. मध्यंतरी तो इतका घरघरायला लागला की शेजारच्या खोलीत झोप लागेना.

आवाज कशाचा ते आधी ओळखा. मशीन बंद करून हार्ड डिस्कची पॉवर केबल काढा, मग सुरू करा. तरीही घरघर आली तर दोष पंख्याचा.

पंखा पॉवर सप्लायच्या डब्यात असतो. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते. सवय नसेल तर डबा जाणकाराकडूनच उघडून घ्या. पंख्याच्या मधला स्टिकर अलगद उचला, काळपट वंगण कापसाच्या काडीने पुसा आणि शिलाई मशीनच्या तेलाचे दोनच थेंब सोडा. खोबरेल नको, थंडीत थिजतं. तेलकट जागेवर जुना स्टिकर धरत नाही. ती पुसून नवी चिकटपट्टी लावा. आमचा पंखा बोटाने फिरवला की लगेच अडायचा, आता छान फिरत राहतो.

डिस्क मात्र उघडू नका. स्क्रूंखाली रबरी वॉशर घातले की कॅबिनेटची थरथर कमी होते. बेअरिंगच किंचाळत असेल तर आधी डेटा काढून घ्या, मग डिस्कच्या जागी ४० पिनांच्या अ‍ॅडॉप्टरवर कॉम्पॅक्ट फ्लॅश हे मेमरी कार्ड बसवा. बऱ्याच ४८६ च्या बायॉसला, म्हणजे मशीन सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रॅमला, ५०४ एमबीपुढचं दिसत नाही. ५१२ छापलेल्या माझ्या कार्डात खरी जागा ५०४ हूनही कमी भरली, म्हणून ते चाललं. बाबांची पत्रं आता त्यावरच आहेत.