२० गुंठ्यांत भाजीपाला करायचाय? आधी पेरणीच्या तारखा लिहा

आठवडे बाजारात स्वतः बसून भाजी विकायची म्हणून अर्धा एकर तयार करणारे हल्ली बरेच जण विचारतात, काय काय जमवून ठेवायचं. जमीन, पाणी, बी, खत हे कोणीही सांगेल. मागच्या हंगामात आमचं जे राहून गेलं ते मात्र फारसं कोणी सांगत नाही, म्हणून तेच आधी: दुसऱ्या टप्प्याची पेर. पहिली पेर सगळ्यांचीच होते. तिच्यामागून आठवड्याने दुसरी, मग तिसरी, चौथी हे ठरलेलं नसलं की सगळी कोथिंबीर एकदम काढणीला येते. बाजारात खपेल तेवढी खपते, उरलेली मिळेल त्या भावाने मार्केट यार्डात घालावी लागते आणि पुढच्या आठवड्यात आपल्याकडे नुसते दोडके. आठवडे बाजाराचं गिऱ्हाईक पिशवी भरायला आलेलं असतं. दोन आठवडे त्याला पालेभाजी मिळाली नाही की ते शेजारी जातं आणि तिथलंच होतं.

म्हणून बियांच्या दुकानात जाण्याआधी दोनशे पानी वही घ्या आणि विक्रीच्या तारखेपासून मागे मोजत या. मेथीला २५ ते ३० दिवस, कोथिंबिरीला ४० ते ४५, मुळ्याला साधारण तेवढेच. पालक महिन्यात पहिल्या कापणीला येतो आणि मग दोन-तीन कापण्या देतो, त्यामुळे तो तीन आठवड्यांनी पेरला तरी चालतो. भेंडीचा पहिला तोडा ४५ ते ५० दिवसांनी. वांग्याची पाच आठवडे रोपं, पुढे लागवडीनंतर दोन-सव्वादोन महिने. भोगीची वांगी १३ जानेवारीच्या आसपास विकायची तर बी सप्टेंबरच्या शेवटी ट्रेमध्ये पडलेलं हवं. डिसेंबरात आठवण होऊन उपयोग नाही. श्रावणातली काकडी, ऋषिपंचमीचं अळू, पितृपक्षातली गवार आणि कारली, चंपाषष्ठीच्या भरताची वांगी, हे सगळं दिनदर्शिका समोर ठेवून वहीत उतरवा. अळूला कंद उन्हाळ्यातच लावावे लागतात.

आता वाफ्यांचा हिशोब. दर आठवड्याला कोथिंबिरीचा एक वाफा काढायचा, तर तिच्यासाठी सात-आठ वाफे राखावे लागतात: सहा-साडेसहा आठवडे पिकाचे आणि एक आठवडा माती पुन्हा तयार करायचा. मेथीला पाच पुरतात. साडेतीन फूट रुंद, ५० फूट लांब वाफा आणि मध्ये दीड फुटाची वाट धरली तर गुंठ्यात असे चार बसतात. सगळे वाफे एकाच मापाचे पाडा. मग नळी, मल्चिंगचा (वाफ्याची माती झाकायचा) कागद, शेडनेट कुठूनही काढून कुठेही बसतं आणि ‘एक वाफा’ म्हटलं की बी किती, शेणखत किती, जुड्या किती, हे तोंडपाठ होतं. वेडेवाकडे वाफे असले तर टप्प्यांचा हिशोब कधीच जुळत नाही.

वहीत ‘दर सोमवारी एक वाफा’ एवढंच लिहून थांबू नका. थंडी वाढत जाते तशी प्रत्येक पेर आधीच्यापेक्षा सावकाश वाढते. नोव्हेंबरात आठवड्याच्या अंतराने पेरलेले दोन वाफे काढणीला दहा-बारा दिवसांच्या अंतराने येतात आणि मध्ये एक बाजार कोरडा जातो. तेव्हा अंतर कमी करून पाच-सहा दिवसांवर आणा. जानेवारीच्या शेवटापासून उलटं होतं: ऊन चढतं, मागची पेर पुढचीला गाठते आणि दोन्ही एकदम येतात. तेव्हा अंतर वाढवा. मार्चनंतर कोथिंबीर जुडी भरण्याआधीच फुलावर जाते, म्हणून वाफा छोटा करा आणि वर ५० टक्के सावलीचं शेडनेट टाका. हे पुन्हा सांगतोय, कारण पेरून झाल्यावर यात काही दुरुस्त करता येत नाही.

बी आणताना पहिल्या दोन-तीन टप्प्यांचं एकदमच आणा. पहिल्या पेरणीनंतर दुकानात जायला वेळ मिळत नाही आणि गेलात तरी तो वाण संपलेला असतो. पावती घ्या, पाकिटावरची मुदत बघा आणि लॉट नंबर असलेलं लेबल जपून ठेवा. बी उगवलं नाही तर पावती आणि लेबलाशिवाय तक्रार उभी राहत नाही. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण तपासा. धने हलके रगडून दोन फाका करा, बारा तास भिजवा, सावलीत सुकवा आणि मग पेरा. अख्खा धना पेरला तर उगवण विरळ होते. तयार रोपं घेणार असाल तर दुसऱ्या लॉटची तारीख पहिल्या लॉटच्याच दिवशी रोपवाटिकेत नोंदवून या. टोमॅटो, वांगी, मिरची यांचे दीड-दोन महिन्यांच्या अंतराने दोन टप्पे पुरतात. ती तिन्ही एकाच कुळातली, म्हणून एकीच्या जागेवर लगेच दुसरी लावू नका.

शेणखत पूर्ण कुजलेलंच हवं. अर्धकच्च्या खतातून मुळं खाणारी हुमणी अळी येते, तण येतं. इथेही तेच: ट्रॉली आली की सगळी एकदम पसरून मोकळं व्हायची घाई असते. पसरू नका. निम्मं खत सावलीत झाकून ठेवा, ते पुढच्या टप्प्यांचं आहे. मातीचा नमुना खत टाकण्याआधी द्या, कृषी विज्ञान केंद्रात तपासून मिळतो. खतानंतर दिलेला नमुना तुमच्या मातीबद्दल काही सांगत नाही.

पाण्याचं नियोजन म्हणजे ‘ठिबक टाकलंय’ एवढ्यावर भागत नाही. टप्प्याटप्प्याने पेरता तेव्हा रानात कायम एक वाफा उगवणीवर असतो, एक वाढीवर, एक काढणीवर. उगवणीच्या वाफ्याला रोज हलकं पाणी लागतं, काढणीच्या वाफ्याचं आदल्या दिवशी आवरतं घ्यावं लागतं. म्हणून प्रत्येक वाफ्याला वेगळा कॉक बसवा. पालेभाज्यांना रेनपाइप (बारीक छिद्रांतून पाणी उडवणारी नळी) किंवा तुषार, फळभाज्यांना ठिबक. एका कॉकवर आठ वाफे जोडलेत तर टप्पे फक्त वहीत राहतात. शेतीची वीज पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री, तेव्हा निदान उगवणीच्या वाफ्यांपुरती टाकी भरून ठेवा. विहीर मार्चअखेर किती उतरते हे शेजाऱ्याला विचारा आणि उन्हाळी टप्पे त्या पाण्याच्या मापाने कमी करा.

किडींसाठी पिवळे आणि निळे चिकट सापळे आधीच आणून ठेवा, कीड दिसल्यावर नव्हे. भेंडीवरचा केवडा रोग पांढरी माशी पसरवते, आणि एकदा पानाच्या शिरा पिवळ्या पडल्या की त्या झाडाला औषध नाही. ते उपटायचं. वांग्यात शेंडे व फळं पोखरणाऱ्या अळीचे कामगंध सापळे (वासाने नर किडे ओढणारे), काकडी-दोडक्यात फळमाशीचे. पाच टक्के निंबोळी अर्कासाठी पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, गाळून शंभर लिटर पाणी करायचं. निंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडावर गोळा होतात, तेव्हाच वाळवून ठेवा. फवारणीचा एक धोका मात्र टप्प्यांमुळेच वाढतो. कोवळ्या वाफ्यावर मारलेलं रासायनिक औषध वाऱ्याने शेजारच्या, उद्या काढायच्या वाफ्यावर उडतं. औषधाच्या डब्यावर काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं ते छापलेलं असतं, ते दिवस त्या शेजारच्या वाफ्यालाही लागू. लोक ती मेथी संध्याकाळी निवडून लेकरांना घालणार असतात. याला सवलत नाही. म्हणून एका भाजीचे लागोपाठचे वाफे शेजारी-शेजारी न ठेवता लांब ठेवा.

विक्रीची जागा पेरणीआधी पक्की करा. २०१६ साली फळं-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून वगळला, तेव्हापासून समितीतच माल नेण्याची सक्ती नाही. पणन मंडळाचे संत सावता माळी शेतकरी आठवडे बाजार आहेत, सोसायट्यांचे गट आहेत. जागा मिळाली की त्यांना विचारा, आठवड्याला किती जुड्या खपतात. तोच आकडा वहीत पहिल्या पानावर. त्यावरूनच वाफे ठरतात.

काढणी सकाळी लवकर. भेंडी दिवसाआड, फुल बाह्यांचा सदरा घालून. मेथी ओली बांधू नका, आतून तापून पिवळी पडते. क्रेट, सुतळी, ओलं गोणपाट, ताडपत्री, चालू वर्षाची तपासणीची मोहोर असलेला वजनकाटा, सुटे पैसे, क्यूआर कोड. जुड्या सारख्या आकाराच्या. भाव पाटीवर लिहा. संध्याकाळी कुठली भाजी किती गेली आणि किती परत आली तेवढं टिपा, बाकी हिशोब महिन्याने केला तरी चालेल.

आणि पेरणीचा वार बाजाराचा वार नसावा, आदला दिवसही नको. आदल्या दिवशी सगळे हात जुड्या बांधण्यात असतात, बाजाराच्या दिवशी घरी कोणी नसतं आणि त्या आठवड्याची पेर नेमकी तेव्हाच बुडते. बाजार रविवारचा असेल तर पेर मंगळवारी ठेवा, पाऊस लागलाच तर बुधवार हाताशी राहतो. पेरणार कोण त्याचं नावही वहीत तारखेसमोर लिहा.