अर्धवेळ घरविक्री आणि स्वयंरोजगार कर: या चुका टाळा

अमेरिकेत नोकरी सांभाळून घरविक्रीचा व्यवसाय करणाऱ्या आपल्या मंडळींची विवरणपत्रे भरताना एक प्रश्न दरवर्षी ऐकावा लागतो: ‘पगारातून सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतनाची वर्गणी) कापली जातेच, मग कमिशनवर पुन्हा कर कशाला?’ काम अर्धवेळ असले तरी कोणतीही सूट मिळत नाही. केवळ कमिशनवर काम करणारा परवानाधारक एजंट कायद्याने सहसा स्वयंरोजगारीच ठरतो आणि वर्षाचा निव्वळ नफा ४०० डॉलरवर गेला की नफ्याच्या ९२.३५ टक्के रकमेवर १५.३ टक्के स्वयंरोजगार कर लागतो. त्यात सोशल सिक्युरिटीचे १२.४ टक्के आणि मेडिकेअरचे, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी आरोग्य विम्याचे, २.९ टक्के असतात. २०,००० डॉलरच्या नफ्यावर तो सुमारे २,८२६ डॉलर होतो, आयकर वेगळा. यातील निम्मी रक्कम आयकरासाठी वजा करता येते, तीही अनेक जण विसरतात.

न्यू जर्सीतील एका गृहस्थांनी सॉफ्टवेअरवर घाईघाईने विवरणपत्र भरताना १०९९-एनईसीवरील (पगाराव्यतिरिक्त कामाच्या मोबदल्याचा फॉर्म) कमिशन ‘इतर उत्पन्न’ या रकान्यात टाकले, कारण तसे केल्यावर देय रक्कम कमी दिसत होती. पुढे करखात्याची नोटीस आली. शेड्यूल सी, म्हणजे व्यवसायाच्या नफ्या-तोट्याचा तक्ता, भरलेच नसल्यामुळे खर्चाची एकही वजावट तिच्यात नव्हती आणि पूर्ण कमिशनवर स्वयंरोजगार कर, शिवाय व्याज लावलेले होते. ग्राहकांना घरे दाखवण्यासाठी वर्षभर गाडी फिरली होती, पण मैलांची नोंद नव्हती. जुन्या ईमेलवरून एकेक फेरी जुळवताना आम्हा दोघांचे कित्येक शनिवार-रविवार गेले. त्यामुळे मैलांची वही गाडीतच ठेवावी आणि फेरी संपताच लिहावी, असा माझा आग्रह असतो. वर्षअखेरीस अंदाजाने आकडे लिहिणे मला मुळीच मान्य नाही.

स्वतःचे घर भाड्याने दिल्यास त्याचे साधे भाडे शेड्यूल ईमध्ये (भाडे उत्पन्नाचा तक्ता) जाते आणि त्यावर हा कर लागत नाही. मात्र भाडेकरूला हॉटेलसारख्या भरीव सेवा दिल्यास, किंवा घरे घेऊन, दुरुस्त करून विकणे हाच धंदा असल्यास तो लागू शकतो. स्थावर मालमत्तेच्या व्यवसायात वर्षाला ७५० तासांहून अधिक काम करण्याची अट भाड्यातील तोट्याच्या वजावटीसाठी आहे. तिचा या कराशी संबंध जोडू नये.

पगार मोठा असेल, तर सोशल सिक्युरिटीची त्या वर्षाची कमाल उत्पन्नमर्यादा तपासावी. २०२५ साठी ती १,७६,१०० डॉलर होती. पगारानेच ती ओलांडली असल्यास १२.४ टक्क्यांचा भाग लागत नाही, मेडिकेअरचा २.९ टक्के लागतोच.

या करांचे आगाऊ हप्ते एप्रिल, जून, सप्टेंबर आणि जानेवारीच्या १५ तारखेपर्यंत भरावेत. कमिशन जमा होताच त्यातील ३० टक्के वेगळ्या खात्यात टाकण्यास मी सांगतो. ज्यांना एवढेही जमत नाही, त्यांनी नोकरीच्या ठिकाणी डब्ल्यू-४ (पगारातील करकपात ठरवणारा फॉर्म) बदलून पगारातूनच जादा कपात करून घ्यावी.